सिरिंजवरची पांढरी पट्टी

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या दरोड्यात पंच कोण होता असं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. पण श्रीखंडाच्या डब्यातून माझ्या टेबलावर आलेलं एक प्रकरण मात्र अजून घडलं तसं आठवतं. निवृत्त होऊन मी वारजेला राहायला आलो. सकाळी फिरायला निघालो की पांढरा कोट हातावर टाकून बसथांब्यावर उभी असलेली पोरं दिसतात, आणि ते सगळं पुन्हा डोक्यात येतं. यात मी कोणाचंही नाव देणार नाही. रुग्णालयाचंही नाही. पुण्यात मोठी रुग्णालयं काय कमी आहेत? ज्यांना ओळखता येईल त्यांनी ओळखावं आणि कृपा करून गप्प बसावं.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याला वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत एक मोठं रुग्णालय, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आणि मागच्या बाजूला निवासी डॉक्टरांचं वसतिगृह. निवासी डॉक्टर म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढची पदवी घेणारी मुलं. कागदावर ती विद्यार्थी असतात. प्रत्यक्षात रुग्णालय तीच चालवतात. हद्दीत असं रुग्णालय असलं की ठाण्याला उसंत नसते. आज अपघात, उद्या जळीत, परवा नातेवाइकांनी डॉक्टरलाच धुतलेला. त्यामुळे ही पोरं आमच्या चांगली ओळखीची. डोळे तांबारलेले, हातात चहाचा कप आणि जबाबावर सही करता करता उभ्या उभ्या डुलकी. आमच्या ठाण्यातले एक जुने हवालदार म्हणायचे, "साहेब, यांच्यापेक्षा आपला बंदोबस्त बरा. गणपती दहा दिवसांनी जातात तरी."

एके दिवशी सकाळची हजेरी घेऊन, लॉकअपवर नजर टाकून मी खुर्चीत बसलो होतो. ठाणे अंमलदार एका गृहस्थांना आत घेऊन आले. वसतिगृहाच्या मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त, शर्ट नीट खोचलेला, हातात श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. नमस्कार केला, पण बसले नाहीत.

"अहो साहेब, आमच्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा होतो. महापालिकेनं आमचं कौतुकही केलेलं आहे. आता सुयांसाठी तिसरा डबा ठेवायचा, की वसतिगृहातल्या डॉक्टरांनाच सभासद करून घ्यायचं, एवढंच विचारायला आलो."

डब्यात वापरलेल्या सिरिंजा होत्या. पार्किंगच्या मागच्या भिंतीलगत गेले काही आठवडे सापडत होत्या, आणि कुठली कधी मिळाली ते त्यांनी बँकेतल्या सवयीनं टिपून ठेवलं होतं. वर वसतिगृहाच्या मागच्या खिडक्या. सेक्रेटरींचं म्हणणं वावगं नव्हतं, त्या पार्किंगमध्ये सोसायटीची लहान मुलं खेळत असत.

पहिल्यांदा माझ्या मनात आले ते गर्दुल्ले. पण सिरिंजा उलटसुलट करून पाहिल्या आणि मी थांबलो. गर्दुल्ल्यांनी टाकलेल्या सुया मी नोकरीभर पाहिल्या होत्या. गंजलेल्या, वाकलेल्या, रक्ताळलेल्या. या सिरिंजांच्या सुयांवर टोपण घट्ट बसवलेलं होतं. आणि प्रत्येक सिरिंजवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा. ड्रेसिंगला वापरतात ती पट्टी. तिच्यावर बारीक, स्वच्छ इंग्रजी अक्षरांत औषधाचं नाव आणि एक आकडा. चोरून नशा करणारा माणूस सिरिंजवर औषधाचं नाव कशाला लिहील? मला काही उमजेना.

सेक्रेटरी म्हणाले, "लेबल लावून फेकतात, एवढी शिस्त आहे म्हणा."

मी रीतसर पंचनामा केला. सेक्रेटरींनाच पंच घेतलं. त्यांनी सही करण्याआधी पंचनाम्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि आमच्या कारकुनाला जागेवर दुरुस्त करायला लावल्या. मग मी साध्या वेशात रुग्णालयात गेलो.

तिथल्या अधिष्ठात्यांनी सिरिंजांकडे दुरूनच पाहिलं. त्यांना चिंता कशाची, तर बातमी बाहेर जाण्याची. "झाकली मूठ सव्वा लाखाची, साहेब. आम्ही आमच्या पातळीवर समिती नेमतो," म्हणाले. समिती म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. चहा, बिस्किटं आणि पुढची तारीख. मी म्हटलं, आधी हे औषध कुठलं ते सांगू शकेल अशा माणसाला बोलवा. त्यांनी भूल देणाऱ्या विभागाच्या प्रमुखांना बोलावलं. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला तुटक अशा बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तेच म्हणतो. मॅडमनी पहिली सिरिंज हातात घेतली, पट्टी वाचली आणि खुर्ची ओढून खाली बसल्या.

"हे माझ्या विभागातलं कोणीतरी आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"या पट्टीवरून. ऑपरेशनच्या वेळी आमच्या ट्रेमध्ये पाच-सहा सिरिंजा असतात. सगळ्यांत पाण्यासारखं औषध. त्यातलं एक झोपवतं, दुसरं श्वास थांबवतं. पट्टी नसेल तर कशात काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही, आणि चुकीची सिरिंज उचलली तर माणूस जातो. म्हणून नवीन मूल आलं की मी सगळ्यात आधी हे शिकवते. पट्टी नसलेली सिरिंज ज्याच्या हातात दिसली, त्याला मी त्या दिवशी थिएटरबाहेर काढते. सहा महिन्यांत हात असा वळतो, की पट्टी लावल्याशिवाय त्यांना सिरिंज खाली ठेवताच येत नाही."

औषध होतं ऑपरेशनआधी मन शांत करून गुंगी आणणारं. कायद्याच्या भाषेत मनःप्रभावी पदार्थ. मॅडमनी टेबलावर सगळ्या सिरिंजा शेजारी शेजारी मांडल्या आणि पट्ट्यांवरचे आकडे मला दाखवले. एकात औषध भरपूर पातळ केलेलं होतं, दुसऱ्यात कमी पातळ. सेक्रेटरींना अगदी अलीकडे सापडलेल्या सिरिंजेत ते पातळ केलेलंच नव्हतं.

"म्हणजे काय समजायचं?" मी विचारलं.

"म्हणजे पूर्वीचं आता पुरत नाही. साहेब, थिएटरमध्ये हे औषध देताना आम्ही शेजारी उभे असतो. श्वास मंदावला तर बघायला कोणीतरी असतं. वसतिगृहाच्या खोलीत कोण असणार? एक दिवस दार तोडून मूल बाहेर काढावं लागेल."

तोवर मी हे प्रकरण औषधचोरीचं धरून चाललो होतो. त्या क्षणी ते बदललं. कुणीतरी एक पंचवीस-सव्वीस वर्षांचं पोर बंद खोलीत एकटं मरण्याच्या बेतात होतं, आणि ते कोण हे आम्हाला माहीत नव्हतं.

अधिष्ठात्यांचा सूर लगेच पालटला. आता त्यांना छापा हवा होता. सगळ्या खोल्या झडतीला घ्या, सगळ्यांची तपासणी करा. साप म्हणून भुई धोपटायची ही जुनी रीत आहे. मी म्हटलं, "सर, छापा टाकायला मला काही वेळ लागत नाही. पण पोलीस आलेत हे कळल्यावर आतून कडी लावून बसलेल्या माणसाकडे औषध असतं आणि सुई असते. पुढे त्याला बाहेर कसं काढायचं ते तेवढं मला सांगा." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." अशी परवानगी म्हणजे पुढे काही बिनसलं तर आपण त्या गावचेच नाही, असं सांगायची सोय. मी ती घेतली.

औषध बाहेर कसं जात असेल हे मॅडमनी समजावलं. एका काचेच्या कुपीत जेवढं औषध असतं तेवढं एका पेशंटला दर वेळी लागत नाही. उरलेलं दुसऱ्या माणसासमोर फेकून द्यायचा नियम आहे. पण थिएटरमध्ये एकामागून एक केसेस चालू असतात. "टाकलं का?" "टाकलं." झालं. समोरचा मान वर करून बघतही नाही. आमच्या ठाण्यातही वस्तू मोजून घेण्याचे नियम असेच पाळले जातात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मग मी विभागातल्या निवासी डॉक्टरांना एकेक करून भेटायचं ठरवलं. ठाण्यात कुणालाच बोलावलं नाही. विभागाच्या छोट्या वाचनालयात दुपारी बसायचो. कारण सांगितलं होतं एवढंच, की मागच्या सोसायटीनं वसतिगृहातून कचरा पडतो अशी तक्रार केली आहे. सिरिंजांचा मी शब्दही काढला नाही. समोर कँटीनचा चहा ठेवायचा आणि साधंच विचारायचं, जेवलात का, झोप झाली का.

एवढंच विचारलं, तर काय सांगू, बांध फुटल्यागत पोरं बोलायला लागली. एक मुलगी म्हणाली, "सर, झोप म्हणजे काय ते मी विसरलेय. लास्ट वीक तर लिफ्टमध्ये उभी राहून झोपले, तिसऱ्या मजल्यावर उतरायचं तर दोनदा वर-खाली फिरून आले. मॅडमना प्लीज सांगू नका." एक मुलगा हात पुढे करून म्हणाला, "सर, कचरा मीच टाकला. अरेस्ट करा. लॉकअपमध्ये निदान कोणी उठवणार तरी नाही." घरच्यांचे लग्नासाठी फोन, सीनियरचा जाच, मेसची आमटी, कशाकशाची रड ऐकली. ऐकता ऐकता मला थोडं बरंच वाटत होतं. कुकरची शिट्टी वाजत असली की कुकर ठीक असतो.

मग एकजण आला. दाढी केलेली, केस विंचरलेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा. बाकीचे खुर्चीत कोसळायचे, हा पाठ ताठ ठेवून बसला.

"झोप?"

"छान होते सर. सगळं बरोबर चालू आहे."

"जेवण?"

"तेही बरोबर आहे."

"काही त्रास?"

"नाही सर. शिकून राहिलो, मजेत आहे."

चहाबद्दल आभार मानले, पण प्यायला नाही. निघताना दारात थबकला आणि म्हणाला, "सर, त्या सोसायटीतल्या लहान मुलांना कोणाला टोचलं वगैरे नाही ना?"

मी फक्त कचरा म्हटलं होतं. मी म्हणालो, "नाही, कोणाला काही झालेलं नाही." त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं, आणि तो गेला. इतक्या जणांपैकी त्या मुलांची काळजी फक्त त्यालाच वाटली होती. अट्टल गुन्हेगार असा प्रश्न विचारून फसत नाही.

तरी एका वाक्यावर मी कोणाला धरत नाही. आमच्या खात्यात एक जुना ठोकताळा आहे. मुद्देमाल सांभाळणारा कारकून वर्षानुवर्षं रजा घेत नसेल तर त्याचं कौतुक जरूर करावं, पण आधी मुद्देमालाची खोली उघडून बघावी. रजेवर गेला की त्याच्या जागी दुसरा बसतो आणि भानगड उघडी पडते, म्हणून तो जातच नाही. मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि विचारलं, "तुमच्या विभागात कोण कधीच रजा घेत नाही? दुसऱ्याची ड्युटी आपणहून कोण करतं?"

त्यांनी त्याचंच नाव घेतलं. घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"दिवाळीत सगळे घरी गेले, हा राहिला," त्या हळूहळू म्हणाल्या. "कोणाची ड्युटी असो, हा म्हणायचा, तू झोप, मी करतो. मी बाकीच्यांना त्याचं उदाहरण देते, साहेब. भर मीटिंगमध्ये देते."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

आता कायद्याचा प्रश्न होता. त्याच्या खोलीत औषध सापडलं तर गुन्हा दाखल करणं मला भाग होतं. पण मी सरकारी वकिलांशी बोललो तेव्हा त्यांनी एका तरतुदीकडे लक्ष वेधलं. व्यसनात अडकलेल्या माणसाकडे स्वतःपुरता, थोडा माल असेल आणि त्यानं स्वतःहून उपचार मागितले, तर तो खटल्यातून सुटू शकतो. सगळी मेख त्या 'स्वतःहून'मध्ये होती. पोलिसांनी मानगूट धरून आणलेला माणूस स्वतःहून आला असं कोण म्हणेल? मी उपायुक्तांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "करून बघा. पण मधल्या वेळात त्याचं काही बरंवाईट झालं, तर उत्तर तुम्ही द्यायचंय." हे काही मला वेगळं सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला थिएटरमधून काढून कुठल्याशा अभ्यासवर्गाच्या तयारीला बसवलं. हे सगळ्यात आधी करायचं होतं, कारण तो स्वतः धोक्यात होता तसे त्याच्या हाताखालचे पेशंटही. आमचे हवालदार पेशंटचे नातेवाईक असल्याच्या थाटात बाहेरच्या बाकावर बसले होते. हा उठून खोलीकडे निघाला तर त्याला एकटं जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांचं काम. दुपारी मॅडमनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. तिथं मी होतो.

"बसा, डॉक्टर," मी म्हटलं. मग आडवळण न घेता सांगितलं, "मागच्या भिंतीजवळ सिरिंजा सापडल्यात. त्या तुमच्या आहेत असं मला वाटतं."

"नाही सर. माझा काही संबंध नाही."

चोर मोठ्या आवाजात नाही म्हणतो. देवाची शपथ घेतो, पोराबाळांची घेतो. हा खालमानेनं, अगदी हळू नाही म्हणाला. मी आवाज चढवला नाही. माझा आवाज चढवायला मला वेळ लागत नाही हे माझ्या हाताखालच्यांना विचारा, पण त्या दिवशी नाही चढवला. गावाकडचं विचारलं. वडील एसटीत कंडक्टर. मुलगा डॉक्टर झाला तेव्हा गावाच्या चौकात त्याच्या फोटोचा फलक लागला होता. आता तो भूलतज्ज्ञ होणार म्हणून वडील डेपोतल्या प्रत्येकाला सांगत फिरतात. हे सांगताना तो हसला नाही.

मग म्हणाला, "सर, समजा... समजा एखाद्यानं असं केलं असेल. तर त्याचं काय होते?"

चौकशीत समोरचा 'समजा' म्हणू लागला की निम्मं काम झालं. मी त्याला सगळं खरं खरं सांगितलं. तुरुंग, नोंदणी रद्द होणं, आणि ती तरतूद. काहीच गोड करून सांगितलं नाही. तो ऐकत होता, पण परत म्हणाला, "पण मी केलं नाही सर." असं बराच वेळ चाललं. मॅडम मधे बोलू पाहत होत्या, मी हातानं थांबवत होतो.

शेवटी मी खिशातून ती सिरिंज काढली, पातळ न केलेली, आणि त्याच्यापुढे ठेवली.

"मला पोलिसाला एक गोष्ट समजत नाही, डॉक्टर. ती तेवढी सांगा. मॅडम म्हणतात पट्टी का लावायची, तर चुकून दुसरी सिरिंज उचलली जाऊ नये म्हणून. इथं दुसरी सिरिंज नव्हती. खोलीत दुसरा माणूस नव्हता. दार बंद. मग ही पट्टी कशासाठी लावली?"

त्यानं सिरिंजकडे पाहिलं. माझ्या मते त्यानंही कधी हा विचार केला नव्हता.

"सवय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "चूक होऊ नये म्हणून."

"कोणाच्या बाबतीत?"

"पेशंटच्या."

"पेशंट कोण होता?"

बाहेर व्हरांड्यात कोणाचीतरी ट्रॉली खडखडत गेली. त्याचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"मी," तो म्हणाला, आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला.

मग सगळं बाहेर आलं. काही महिन्यांपूर्वी त्याच्या केसमध्ये एक बाळंतीण ऑपरेशनच्या टेबलावरच दगावली. त्याची चूक नव्हती, मॅडमनीही तेव्हाच तसं म्हटलं होतं. पण तिचा हात त्याच्या हातात होता. भुलीआधी घाबरली होती म्हणून त्यानं धरला होता. कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, "होतं असं. पुढची केस घे." त्यानं पुढची केस घेतली. त्यानंतर त्याला झोप येईना. डोळे मिटले की तो हात. एक दिवस कुपीत थोडं औषध उरलं होतं, ते फेकलं नाही. एकदाच म्हणून घेतलं. मेल्यासारखी झोप लागली. मग पुन्हा. मग त्याच्याशिवाय डोळा मिटेना, म्हणून दुसऱ्यांच्या ड्युट्या, कारण जास्त केसेस म्हणजे जास्त उरलेलं औषध. खोलीत केर काढणाऱ्याला दिसू नयेत म्हणून सिरिंजा टोपण लावून खिडकीतून टाकायचा. पेशंटच्या वाटणीचं कधी कमी केलं नाही, असं त्यानं परत परत सांगितलं. नशा करणारा माणूस असंच सांगतो, म्हणून मी नंतर मॅडमकडून तपासून घेतलं. खरं होतं.

"गेल्या आठवड्यात जाग आली तेव्हा सुई हातातच होती, सर," तो म्हणाला. "मधले किती तास गेले, काहीच माहीत नाही. लय भेव वाटलं. पण सांगू कोणाला? इथं सगळेच थकून राहिले."

मॅडम म्हणाल्या, "मला सांगायचंस ना रे."

तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझं उदाहरण देत होता."

मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, "आता पुढचं तुम्ही बोलायचं. मी सुचवणार नाही, मॅडम सुचवणार नाहीत." नोकरीत मी शेकडो कबुल्या घेतल्या. 'मी केलं' हे वाक्य माणसाच्या तोंडून काढण्याच्या वाटा मला ठाऊक होत्या. 'मला मदत पाहिजे' हे कसं काढायचं ते आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी नुसता बसून राहिलो. त्यानं बाहीचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मॅडमकडे पाहिलं. आणि केसपेपर सांगावा तशा आवाजात म्हणाला, "मॅडम, मला अ‍ॅडमिट करून घ्या."

त्या संध्याकाळी त्यानं आपल्या हातानं खोली उघडली आणि कपाटातल्या कुपी आमच्यापुढे ठेवल्या. रीतसर पंचनामा झाला, गुन्ह्याची नोंद झाली. जे घडलं ते मी कागदावर तसंच लिहिलं, अधिकउणं काही नाही. पुढे न्यायालयानं त्याचे उपचार पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली आणि त्याला खटल्यातून मोकळं केलं. त्याचं वर्ष बुडालं. भूल देण्याचं शास्त्र त्यानं कायमचं सोडलं, ते योग्यच झालं. ज्या ट्रेवर ते औषध रोज समोर येणार, तिथं त्याला परत उभं करणं शहाणपणाचं नव्हतं. आता तो त्याच्या भागात एका लहान दवाखान्यात तापखोकल्याचे पेशंट बघतो.

अधिष्ठात्यांनी वसतिगृहाच्या मागच्या बाजूला कॅमेरे लावले. सेक्रेटरी मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "कॅमेऱ्याचं तोंड आमच्या भिंतीकडे आहे. कचरा पडताना आता सुरेख दिसेल." मॅडमनी मात्र दोन गोष्टी केल्या. रजा सक्तीची केली, आणि टेबलावर पेशंट दगावला तर त्या मुलाला त्या दिवशी पुढची केस द्यायची नाही, असं ठरवलं. त्याच्याशेजारी त्या स्वतः बसतात, असं ऐकतो. इतर विभागप्रमुखांनी कुरकुर केली, माणसं कुठून आणायची म्हणून. त्यांनी कोणाचं ऐकलं नाही.

या प्रकरणानंतर मी माझ्या ठाण्यातही वागणं बदललं. कुरकुर करणाऱ्या शिपायावर पूर्वी मी खेकसायचो. पुढे जो कधीच कुरकुर करत नाही, त्याला मी बोलावून घेऊन बसवू लागलो. आमच्याही खात्यात न झोपणारी माणसं आहेत आणि त्यांच्या कमरेला पिस्तूल असतं. एवढं सांगून मी तो विषय सोडतो.

उपचार चालू असताना त्याचा एक पुरवणी जबाब घ्यायचा राहिला होता. व्यसनमुक्ती केंद्र वाघोलीच्या पुढे होतं. मी कारकुनाला घेऊन भर दुपारी तिथं पोहोचलो. आवारात कडुलिंबाखाली त्याचे वडील एका खुर्चीत बसले होते, अंगात अजून एसटीचा खाकी सदरा. मला पाहून उठले. आम्ही दोघं खाकी कपड्यांतले एकमेकांसमोर उभे राहिलो.

"साहेब, एक विचारू?" ते म्हणाले. "मी शिकलेला माणूस नाही. तिथं एवढे डॉक्टर होते ना? माझ्या पोराला झोप येऊन नाही राहिली, हे एकालाही कसं दिसलं नाही?"

दिव्याखाली अंधार म्हणतात, ते ओठावर आलं होतं. पण त्या माणसाला म्हण ऐकवण्यात काय अर्थ होता? ती रात्रंदिवस राबणारी पोरं एकमेकांचे लाल डोळे रोज बघत होती. सगळ्यांचेच तसे, म्हणून कोणाचेच दिसत नव्हते. मी त्यांना म्हटलं, "चुकलं आमचं सगळ्यांचं." त्यांनी मान हलवली.

मग मी विचारलं, "आहे का आत? जबाब घ्यायचा होता."

त्यांनी मागं वळून व्हरांड्याकडे बोट दाखवलं. खाटेवर तो कुशीला झोपला होता. तोंड थोडं उघडं, बाह्या वर सरकवलेल्या, एक पाय खाली लोंबकळत. त्याच्या तोंडावर माशी बसत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

"आज गोळी नाही, सुई नाही," वडील अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "जेवला अन् आपल्या आपण झोपला. उठवू का साहेब?"

मी नको म्हटलं. कारकून घड्याळ बघत होता, त्याला गाडीकडे पिटाळलं. ठाण्यात परतल्यावर स्टेशन डायरीत मी स्वतःच्या हातानं नोंद केली, 'सदर इसम झोपलेला असल्याने जबाब घेतला नाही.'